वस्ताद, चादरी आणि दम टाकणारं इंजिन

"चहा गार व्हायच्या आत इंजिन ठणठणीत करतो! तू फक्त चादरी बांध!" वस्ताद म्हणाले.

हे ते रविवारीही म्हणाले होते, बुधवारीही म्हणाले होते. तो सबंध आठवडा त्या घरात गरम चहा कोणी प्यायलाच नव्हता.

वस्ताद म्हणजे इस्त्रीकाकूंचे यजमान. उभं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवलेला माणूस. निवृत्त झाल्यापासून जगात जे जे म्हणून हलतं, ते ते उघडून बघण्याचा आपल्याला अधिकार आहे, अशी त्यांची समजूत. शेजाऱ्यांचं फाटक त्यांनी असं दुरुस्त केलं होतं, की आता शेजारी कुंपणावरून उडी मारून घरात जायचे. आणि तरी भेटले की म्हणायचे, "काय वस्ताद!"

पण आज प्रश्न फाटकाचा नव्हता. तलावाच्या पलीकडच्या काठावर नवं गेस्ट हाऊस उघडलं होतं, आणि तिथल्या मॅनेजरबाईंनी काकूंना स्पष्ट सांगितलं होतं, "आज बाराच्या आत पलंगांवर तुमच्या चादरी दिसल्या, तर धुलाईचं काम वर्षभर तुमचं. नाहीतर लॉन्ड्रीचा व्हॅनवाला दारात उभाच आहे." आजवर काकूंनी आळीतल्या लोकांचे शर्ट आणि त्या शर्टांच्या तक्रारी, एवढंच धुतलं होतं. हे पहिलं मोठं काम. रात्री झोपेतही त्या चादरींच्या घड्या घालत होत्या. पांघरूण वस्तादांच्या अंगावरून गेलं ते त्यामुळेच.

चादरी न्यायच्या त्या घरच्या बोटीने. आणि बोटीचं इंजिन गेला आठवडाभर असं वागत होतं, की निघताना वाघ आणि अर्ध्या तलावात मांजर! बंद पडत नव्हतं. बंद पडलं, तर माणूस निदान मोकळेपणाने शिव्या तरी घालतो. हे नुसतं कण्हायचं.

"प्लग!" वस्तादांनी धक्क्यावर बसून निदान केलं. जुने प्लग काढले, नवे बसवले, टाकीचं झाकण उघडून पेट्रोल पाहिलं आणि दोरी ओढली. इंजिन असं गरजलं, की धक्क्यावरचे बगळे उडाले.

"बघितलंस? हात लागावा लागतो माणसाचा!"

"बुधवारी पण लागला होता," काकू म्हणाल्या, आणि गठ्ठे बोटीत रचू लागल्या. पांढऱ्याशुभ्र, कडक इस्त्रीच्या चादरी. प्रत्येक गठ्ठा प्लॅस्टिकमध्ये, प्लॅस्टिकवर जुना पडदा. मग पेट्रोलचा वास मारणारं जे जे होतं, ते ते त्यांनी दूर सारलं, पुसलं, झाकलं, आवळलं. ओल्या चादरी पिळून पिळून काकूंचं मनगट असं तयार झालं होतं, की त्यांनी आवळलेली लोणच्याची बरणी पुढच्या पिढीनेच उघडावी!

बोट निघाली. वारा, पाणी, ऊन, सगळं छान. मधोमध आल्यावर इंजिन म्हणालं, "घुं... घुं... घू..."

"अहो!"

"ऐकलं."

"मांजर झालं पुन्हा!"

"पंख्यात शेवाळ," वस्ताद म्हणाले. आधी त्यांनी सवयीने टाकीचं झाकण उघडून आत डोकावलं. मग इंजिन वर उचललं आणि पोटावर पालथे पडून पंख्याशी झटू लागले. काकूंनी त्यांचा पट्टा धरला. वस्तादांच्या वजनाने बोट मागून खाली गेली, पुढून वर आली, गठ्ठे घरंगळत काकूंच्या पाठीवर आले, आणि वस्ताद गळ्यापर्यंत भिजून शेवाळाची एक बोटभर दोरी घेऊन विजयी मुद्रेने परत आले.

"एवढुसं?"

"एवढुसंच असतं ते! मेंदूत रक्ताची गाठ केवढी असते?"

आणि खरंच, दोरी ओढताच वाघ! वस्तादांनी शीळ घातली. काकूंच्या नाकाला मात्र वास लागला. टाकी उघडली म्हणजे चादरींचं वाटोळंच. त्या मुकाट्याने सरकल्या, पदराने टाकी पुसली, सगळं होतं तसं ठाकठीक केलं आणि जागेवर येऊन बसल्या.

थोडं अंतर गेलं. घुं... घुं... घू...

आता वस्ताद चिडले. माणूस चिडला की त्याला निदान लगेच सापडतं.

"वजन!"

"कोणाचं?"

वस्ताद जरा थांबले. संसारात थांबायच्या जागा त्यांना ठाऊक होत्या, पण आज भिजलेले होते. "चादरींचं. आणि... एकंदरीत."

"एकंदरीत?"

"मी कोणाचं नाव घेतलं का?"

"बोटीत आहोत किती जण? माझ्या चादरी काल धुतल्या आणि तुमचं इंजिन गेल्या रविवारपासून रडतंय! आणि ती तुमची हत्यारांची पेटी? ती काय कापसाची आहे?"

एवढ्यात शेजारून एक वल्हेवाला गेला. तोंडात विडी, पाय लांब सोडलेले, अगदी सावकाश. तरी पुढे गेला.

"काय वस्ताद, ओढू का?"

"काही गरज नाही! चाचणी चालू आहे!"

"चालू आहे होय! मला वाटलं बंद पडली," म्हणून तो आणखी पुढे गेला. त्याच्यामागून बदकं गेली. बदकांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

काकूंचा फोन वाजला. पलीकडून मॅनेजरबाई. "कुठे आहात? बारा व्हायला आले. व्हॅनवाल्याला फोन करू का?"

"नको, नको! अहो, तुमच्या अगदी समोर आहोत!" काकू म्हणाल्या. ते खोटं नव्हतं. गेस्ट हाऊसची गच्ची, गच्चीवरची रिकामी दोरी, सगळं दिसत होतं. दिसत होतं आणि जवळ येत नव्हतं. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी रागाने पुसलं.

"वस्ताद, एवढं एक काम मला मिळू द्या हो. मग जन्मभर हे इंजिन उघडून बसा. मी चहा गार करून आणून देईन."

त्या आवाजाने वस्तादांचा राग उतरला. पुन्हा काही न सुचून टाकीशी बसले, आणि या वेळी पहिल्यांदाच त्यांनी नुसतं आत न बघता बाहेरूनही पाहिलं. टाकीची गालफडं आत बसली होती, कवळी काढून ठेवल्यासारखी! त्यांनी झाकणावरचा छोटा स्क्रू फिरवायला घेतला. फिरेना. पक्कड लावली. फिरेना. दात आवळले, पाय रोवले, तेव्हा कुठे तो फिरला. फुस्स करून हवा आत गेली, गालफडं ठॉक करून बाहेर आली, आणि इंजिनाला जीव आला.

"हा स्क्रू कोण आवळतं?"

"मी," काकू म्हणाल्या. "चादरी बोटीने न्यायचं ठरलं त्या रविवारपासून रोज. नाहीतर बोटीतला वास चादरींना लागेल ना."

वस्तादांनी पक्कड खाली ठेवली. इंजिन गरजत होतं. तेही जरा जास्तच.

"अगं, यातून टाकीत हवा जाते. हवा गेली नाही, की पेट्रोल पुढे सरकत नाही!"

"मग सांगायचं ना!"

"मलाच आत्ता दिसला! वाटलं, बोटीच्या धक्क्यांनी आपोआप आवळला गेला असेल!"

"आपोआप? पक्कड लावावी लागेल इतका?"

"मी म्हटलं, माझ्या हातातला जोर कमी झाला असेल!" वस्ताद ओरडले, आणि ओरडल्यावर ओशाळले.

काकू उठल्या. टाकी वाऱ्याच्या दिशेने दूर ढकलली, सगळे गठ्ठे पोटाशी घेतले आणि बोटीच्या पार टोकाला जाऊन बसल्या. वाटेत वल्हेवाला मागे पडला. बदकंही पडली.

बाराचे ठोके पडताना मॅनेजरबाई शेवटच्या पलंगावरची चादर हाताने ताणून बघत होत्या. दारात वस्तादांच्या पुढे काकू घामाघूम. त्यांना राहवेना.

"वास तर येत नाही ना हो चादरींना?"

"कसला वास?" मॅनेजरबाईंनी चादर नाकाशी नेली आणि दणदणीत शिंकल्या. "मला मेलीला चार दिवस सर्दी. समोर सबंध पेट्रोल पंप आणून ठेवलात तरी कळायचं नाही! घडी मात्र झकास घालता हं. उद्यापासून रोज आणा."

परतीच्या वाटेवर बोट रिकामी, इंजिन जोरात, आणि वस्ताद गप्प. रविवारपासून फुकट खोललेलं इंजिन, वजनावरून झालेलं भांडण, चार दिवसांची सर्दी, सगळं त्यांच्या चेहऱ्यावर हजर. ओठ मात्र घट्ट मिटलेले. गाल फुगत होते, मान लाल होत होती, नजर लांब कुठेतरी क्षितिजावर. काकूंनी बराच वेळ वाट पाहिली. टोमणा काही येईना. आला असता तर बरं झालं असतं!

शेवटी तलावाच्या मधोमध त्या म्हणाल्या, "बोला एकदाचं! उगाच दाबून ठेवाल आणि तुम्हीच इथे बंद पडाल. मला काही तुमची दुरुस्ती येत नाही!"