तात्या परबांचे खडे

तात्या परबांनी चहाच्या कपाशेजारी ती बाटली ठेवली, तेव्हा मला वाटलं सुपारी असेल. एक तुकडा मी तोंडाजवळ नेलासुद्धा.

"पित्ताशयातले खडे ते," तात्या म्हणाले. "नीट बघ, लाजू नको!"

माझा चहा तसाच राहिला.

चारकोपला आमची घरं भिंतीला भिंत लागून. तात्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये फिटर, बायको गावाला असते एवढंच आम्हाला माहीत, घरात एकटेच. आल्यागेल्याला बाटली दाखवायची आणि मग प्रवचन सुरू. "खडे गेले म्हणान दुखणा जाता काय? पित्ताच्या नळीच्या तोंडाक एक स्नायू असता. जेवल्यावर तेणा सैल पडाक होया. तो मेलो आवळान बसता!" आणि मूठ अशी आवळायचे, की ऐकणाऱ्याच्याच पोटात कळ यावी.

माझ्या बहिणीला बघायला पाहुणे आले, तर तात्या बाटलीसकट हजर! मुलाच्या आईने कांदेपोह्यांची बशी खाली ठेवली ती ठेवलीच. तरी लग्न जमलं, हे आमचं नशीब.

एकदा तात्या आले, तेव्हा माझी बायको डोकं धरून बसली होती. मी म्हटलं, "हिचं रोजचंच आहे." तात्या एवढे भडकले की मी हबकलोच.

"रोजचा म्हणजे काय रे? इचार तिका खय दुखता! आत्ता इचार!"

मी मुकाट्याने विचारलं.

मग मे महिन्यात एका दुपारी वीज गेली. एरवी घरातही बनियन न काढणारे तात्या उघडेच बसले होते. माझ्या काकांचं हेच खडे काढायचं ऑपरेशन झालेलं, बरगडीखाली वीतभर व्रण मी पाहिलेला. तात्यांच्या पोटावर ओरखडासुद्धा नव्हता. मला धक्काच बसला.

"तात्या, टाके कुठायत?"

त्यांनी घाईघाईने टॉवेल ओढून घेतला. मग बाटली जवळ घेतली.

"माझे नाय ते खडे. आमच्या हिचे. आपरेशन झाल्यावरय पोट धरून बसायची. मी म्हणायचो, खडे तर काढले, आता कसली नाटकां? डॉक्टरान स्नायूचा मागसून सांगल्यान. तवसर ती गावाक भावाकडे निघान गेली."

मी म्हटलं, "मग जाऊन सांगा ना वहिनींना!"

"सांगलंय. माफीय मागलंय. ती म्हणता, आता काय दुखत नाय."

तात्यांनी टॉवेलच्या टोकाने बाटली पुसली आणि माझ्याकडे पाहिलं.

"खरा सांगता काय रे ती?"