म्हाप्रळकर काकांचं सभागृह

म्हाप्रळकर काकांच्या घरात टीव्हीसमोरून जायचं असेल तर मान झुकवून जावं लागतं. चेष्टा करत नाही. दिल्लीत लोकसभेत सभासद इकडून तिकडे जाताना अध्यक्षांच्या खुर्चीला मान झुकवतात, तेच बदलापुरात, बेलवलीला आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर चालतं. अधिवेशन सुरू असलं की काका सकाळी अकराच्या आत इस्त्रीचा शर्ट, पँट आणि पायात मोजे घालून खुर्चीत बसतात. मग घरात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने सभागृहाचा मान राखायचा. गॅसवाल्याने खांद्यावर सिलिंडर घेऊन मान झुकवलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहे. त्या बिचाऱ्याला वाटलं, टीव्हीखाली देव्हारा असेल.

मी त्यांच्या समोरच्या दारात राहते. ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते, उल्हासनगरहून अस्तराचं कापड आणून विकते. म्हणजे दिवसभर घरात. त्यामुळे काकांना प्रेक्षक आयताच मिळतो. "मंगल, ये गं लवकर, शून्य प्रहर लागला!" अशी हाक येते. शून्य प्रहर म्हणजे दुपारी बारानंतर खासदारांनी आपापल्या भागाची गाऱ्हाणी मांडायची वेळ. मी तोंडातल्या टाचण्या काढून जाते, मान झुकवते आणि कुठल्या तरी जिल्ह्यातल्या पुलाबद्दल ऐकते. नाही गेलं तर दुसऱ्या दिवशी काका जिन्यात गाठून म्हणणार, "काल सन्माननीय सदस्या अनुपस्थित होत्या. नोंद घेतली आहे."

घ्या नोंद. माझ्याकडे लग्नसराईचे ब्लाऊज पडलेत.

काका आनंदनगर एमआयडीसीतल्या एका कंपनीत स्टोअर्समध्ये ऑफिसर होते. आयुष्य बोल्ट आणि बेअरिंग मोजण्यात गेलं. रिटायर झाले आणि घरात लोकसभा भरवली. दुधीची भाजी आवाजी मतदानाने मंजूर होते. सुलभाकाकू काही टोचून बोलल्या की "हे कामकाजातून वगळण्यात येत आहे." काकू म्हणतात, "वगळा. पण आधी ताट उचला." काकूंचा स्वभाव असा शांत, तोंडाला मात्र धार. चाळीस वर्षं असल्या माणसाबरोबर काढायची म्हणजे धार लागतेच.

गच्चीवर भरणाऱ्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये तर काका म्हणजे डोक्याला ताप. आमचे सेक्रेटरी तेजवानी मूळचे उल्हासनगरचे, सरळ धंदेवाईक माणूस. टाकी कधी धुणार, एवढं विचारायला काका उभे राहिले आणि म्हणाले, "अध्यक्ष महोदय, माझा तारांकित प्रश्न आहे आणि त्यावर दोन पुरवणी प्रश्न आहेत."

तेजवानी म्हणाले, "साईं, टाइम खोटी मत करो. टंकी संडे को धुलेगी."

"कोणत्या संडेला? सभागृहाची दिशाभूल होत आहे!" असं म्हणून काकांनी सभात्याग केला. गच्चीवरून खाली निघून गेले. मी पाणी प्यायला उठले तर जिन्याच्या दाराआड उभे. पंपाच्या विषयावर काय ठरतंय ते ऐकत होते. मला बघून ओठांवर बोट ठेवलं. हसू की रडू कळेना.

एकदा मी वैतागून विचारलंच, "काका, त्या टीव्हीत काय ठेवलंय हो? नुसता आरडाओरडा. भाजी मंडईत सुद्धा याच्यापेक्षा शिस्त असते."

काका नेहमीसारखे चिडले नाहीत. म्हणाले, "अगं, एवढ्या मोठ्या देशात ती एकच जागा आहे, जिथे प्रश्न विचारला की कोणाला तरी उभं राहून उत्तर द्यावं लागतं. बाकी सगळीकडे फोन ठेवून देतात."

ते का म्हणाले, ते मला माहीत होतं. आमच्याकडे दिवेलागणीला वास येतो. कुठून येतो, कोण सोडतं, देव जाणे. कधी सडक्या कोबीसारखा, कधी घशात रॉकेल ओतल्यासारखा. आम्ही खिडक्या लावतो, पंखा फुल करतो, शिव्या घालतो आणि जेवायला बसतो. पण सुलभाकाकूंचा दमा. वास आला की त्यांची छाती वाजायला लागते, ओठ काळेनिळे होतात, वाफेचं मशीन लावावं लागतं. काका तक्रार करून थकले. तक्रार केली की प्रदूषण मंडळाचा माणूस येतो, पण येतो भर दुपारी. चार वेळा नाकाने हुंगतो आणि लिहून जातो, वास आढळून आला नाही. संध्याकाळी या म्हटलं तर त्याची ड्यूटी संपलेली असते.

अंबरनाथच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. औषधं वाढवून काही होणार नाही, यांना इथून हलवा. काकूंचा भाऊ दापोलीकडे असतो. घर मोठं, समुद्राची हवा. तो बिचारा दर आठवड्याला फोन करायचा, या म्हणून. पण काका हलायला तयार नाहीत. "प्रश्न प्रलंबित आहे," म्हणायचे. आणि काकू त्यांना सोडून जायला तयार नाहीत. "ह्यांना चहासुद्धा करता येत नाही गं. भाषणावर जगणार का?" दोघांच्या या हट्टात त्या बाईचा श्वास महिन्यामहिन्याला कमी होत चाललेला. जिन्याचे तीन मजले चढायला तीनदा बसायच्या. मला काकांचा इतका राग यायचा ना, वाटायचं एक दिवस तो टीव्ही उचलून गॅलरीतून खाली टाकावा.

प्रलंबित प्रश्न म्हणजे हा वास. काकांनी ठरवलं होतं, तो लोकसभेत मांडायचाच. त्यांच्या चुलत मेव्हण्याच्या वर्गात एक जण होता, तो आता लांबच्या कुठल्याशा जिल्ह्यातल्या खासदारांचा पी.ए. झालेला. त्याला धरलं. पी.ए. म्हणाला, नियम तीनशे सत्त्याहत्तरखाली मांडता येईल. या नियमात खासदार आपला विषय उभं राहून वाचून दाखवतात. फक्त मजकूर थोडक्यात हवा, शब्दांची मर्यादा असते.

झालं! काकांनी मजकूर लिहायला घेतला. पहिला खर्डा मला वाचून दाखवला, तो सुरूच असा होता: "माझी पत्नी सौ. सुलभा ही बदलापूर येथे गेली तीस वर्षे राहत असून..." पुढे ती कशी गायची, श्रावणात कशा मंगळागौरी जागवायची आणि आता एक ओळसुद्धा गाता येत नाही, असं सगळं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पी.ए.ने कळवलं, फार लांब आहे, वैयक्तिक उल्लेख नको. काका पंधरा दिवस कापत बसले. आधी मंगळागौर गेली, मग गाणं गेलं. शेवटी "पत्नी" गेली आणि तिच्या जागी "स्थानिक नागरिक" आले.

"काय हो," काकू आतून म्हणाल्या, "मला काढलंत वाटतं?"

"शब्दमर्यादा आहे," काका म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

आणि एक दिवस पी.ए.चा फोन आला. विषय लागलाय, उद्या.

त्या दिवशी काकांनी कोट घातला. मुलीच्या लग्नातला. काकूंना खुर्ची आणून टीव्हीसमोर बसवलं, बाजूला वाफेचं मशीन. मी शिलाईचं काम टाकून गेले. मान झुकवली. मनापासून झुकवली हो त्या दिवशी, खोटं कशाला सांगू?

सकाळीच अकराला गोंधळ सुरू झाला. कशावरून, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. मधल्या जागेत सगळे जमले, हातात फलक, घोषणा. अध्यक्ष म्हणत होते बसा, कोणी बसत नव्हतं. प्रश्नोत्तरं गुंडाळली. बाराला परत जमले. त्या गोंधळातच कागद सभापटलावर ठेवायला सुरुवात झाली. या मंडळाचा अहवाल, त्या महामंडळाचे हिशेब, अमक्या समितीचं निवेदन. एकेक मंत्री उठतो, पुटपुटतो, बसतो. कोणी ऐकत नाही. काका मात्र प्रत्येकाला मान डोलावत होते. "हे नेहमीचं कामकाज आहे," मला समजावत होते. "हे झालं की आपलं." मग तहकूब. दोनपर्यंत.

दोनपर्यंत कोणी जेवलं नाही. काकूंनी नुसतं ताक घेतलं.

दोनला पुन्हा तेच. खुर्चीवर दुसरेच कोणीतरी बसले होते. त्यांनी समोरचा कागद उचलला आणि एका दमात हिंदीत वाचून टाकलं की तीनशे सत्त्याहत्तरखालचे सगळे विषय सभापटलावर ठेवले गेले असं मानण्यात येईल. मग आणखी काहीतरी वाचलं, हात वर झाले, हात खाली आले आणि सभागृह उद्यापर्यंत तहकूब. पडद्यावर रिकामी हिरवी बाकं दिसायला लागली.

काकू वाट बघत होत्या. म्हणाल्या, "बदलापूर म्हणाले का हो? मला ऐकू नाही आलं."

"मांडला गेला," काका म्हणाले.

"पण कोणी बोललंच नाही."

"बोलावं लागत नाही. मांडला गेला असं मानतात."

"मानतात?"

माझं डोकंच फिरलं. "काका, मग मी पण उद्यापासून गिऱ्हाईकाला सांगते, ब्लाऊज शिवला गेला असं माना आणि अंगात घाला! अहो, पंधरा दिवस मजकूर घासलात, बायकोचं नाव सुद्धा कापलंत, आणि कोणी तोंडातून शब्द काढला नाही? कप्पाळ आपलं!"

काका कोटाची बटणं काढत होते. एक बटण निघेना, ते तसंच राहिलं.

त्याच संध्याकाळी वास आला. इतका की रस्त्यावरची माणसं तोंडाला रुमाल लावून पळत होती. काकूंना वाफ लावली, दम्याचा पंप मारला, काही उपयोग होईना. श्वास आत जाताना दिसायचा, बाहेर येताना दिसायचा नाही. तेजवानी अर्ध्या लुंगीवर धावत आले, गाडी काढली, मी आणि काका मागे बसलो, काकूंचं डोकं माझ्या मांडीवर. हॉस्पिटलात ऑक्सिजन लागला तेव्हा कुठे रंग परत आला. काका बाकावर बसले होते, अंगात तोच कोट. मला म्हणाले, "मंगल, हिची बॅग भरून दे. दापोलीला पाठवतो." त्यात सन्माननीय नव्हतं, महोदय नव्हतं. इतकं साधं बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं आणि मला भीतीच वाटली.

काकूंना हॉस्पिटलातून सोडलं आणि भाऊ गाडी घेऊन आला. काकांनी सांगितलं, "तू हो पुढे, आठ दिवसांत येतो." गेले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, विषय मांडला गेलाय, म्हणजे मंत्रालयाकडून लेखी उत्तर येणार, कदाचित पाहणीला पथक येणार. "उत्तर आलं आणि दाराला कुलूप असलं तर? मी पण गेलो तर इथे विचारणारं कोण उरलं सांग."

"पथक बिथक काही येत नाही हो काका," मी म्हटलं. "सगळे गेले तेल लावत. तुम्ही काकूंजवळ जा."

"कामकाज पूर्ण झालेलं नाही," एवढंच म्हणाले.

पथक आलं नाही. उत्तर आलं नाही. पी.ए. आधी फोन उचलायचा, मग उचलेनासा झाला. आता मी डबा द्यायला जाते तेव्हा टीव्ही चालू असतो, आवाज बंद असतो. मी मान झुकवते, काकांचं लक्ष नसतं. भात करपवतात. चहा जमायला लागलाय, पण साखर विसरतात. काकू तिकडे सुधारल्या. भाच्याच्या मुलीला गाणी शिकवतात म्हणे. आणि जसं बरं वाटायला लागलं तसं त्यांनी एकच धोशा लावला. मला परत यायचंय.

परवाची गोष्ट. संध्याकाळची मी मेथीची भाजी घेऊन गेले. वारा फिरला होता की काय कोण जाणे, पण हवा अशी स्वच्छ की बऱ्याच दिवसांनी सगळ्या इमारतींच्या खिडक्या उघड्या. कोणाच्या तरी घरी लसणाची फोडणी पडली होती, ती थेट आमच्या मजल्यावर. खाली बायका हवा खात उभ्या होत्या. काका फोनवर होते. फोन स्पीकरवर, कारण कानाला कमी येतं.

"मी आता जिना चढते," काकू सांगत होत्या, "न थांबता चढते. रविवारी दादा सोडतोय मला."

"अजिबात येऊ नकोस," काका म्हणाले आणि खोकायला लागले. मी दचकले. मग बघितलं, तोंडापुढे हात सुद्धा धरला नव्हता, फोनपुढे तोंड नेऊन खोकत होते. "आज तर बसवत नाही इथे. डोळे चुरचुरतात. काल पण तसंच."

काल माझ्याकडे वाळवण गॅलरीत होतं. काल कसलाच वास नव्हता.

"खरं सांगताय?" काकू म्हणाल्या. "तिथे मंगल आहे ना? तिला द्या फोन."

काकांनी फोन माझ्यापुढे धरला. आयुष्यभर ज्या माणसाने सभागृहाची दिशाभूल झाली म्हणून भांडणं केली, तो माझ्याकडे असा बघत होता की मला दुसरीकडे बघावं लागलं.

"हो काकू," मी म्हटलं. "फार वास आहे. तुम्ही नका येऊ."

 मग काकू म्हणाल्या, "मग खिडक्या कसल्या उघड्या टाकल्यात? मला खालच्या बायकांचा आवाज येतोय. लावा आधी. मला ऐकू दे."

काका उठले. फोन हातात घेऊन आधी हॉलची खिडकी लावली, कडी जोरात वाजवली. मग बेडरूमची. मग स्वयंपाकघरात गेले आणि ओट्यामागची लहान खिडकी ओढून घेतली.

"लावल्या?" काकूंनी विचारलं.

"लावल्या," काका म्हणाले. "तू झोप आता."