हातभर उंच रेघ

लालासाहेबांच्या भिंतीवर तांबडी रेघ उमटली त्या दिवसापासून आप्पासोंच्या पोटात दुखायला लागलं.

मागच्या महापुरात सांगलीतल्या त्यांच्या गल्लीत सगळ्यात जास्त पाणी लालासाहेबांच्या घरात चढलं होतं. आप्पासोंकडे जेमतेम गुडघाभर. पालिकेची माणसं दारोदार पुराच्या रेघा मारून गेली. कृष्णा चढली की ज्याची रेघ उंच त्याला आधी हलवायचं, इतका साधा मामला. पण गल्लीनं त्याचा मान करून टाकला. इतकी वर्षं पुराच्या गोष्टी ऐकायला आप्पासोंच्या कट्ट्यावर जमणारी मंडळी लालासाहेबांच्या कट्ट्यावर जाऊन बसली. आता हे कुणाला सोसेल?

"कुत्रं बसलं तरी झाकतीया आपली रेघ," आप्पासो कुरकुरले.

"पाणी कमी आलं म्हणून रडणारा माणूस पयल्यांदाच बघतीय मी," त्यांची बायको मनुबाई म्हणाल्या.

दुपारी गल्ली झोपली तशी आप्पासोंनी जुनी रेघ चुन्यानं पुसली आणि स्टुलावर चढून नवी ओढली. लालासाहेबांपेक्षा चांगली हातभर वर.

लालासाहेबांनी मान वर करून बघितलं. "एवढं पाणी आलतं तर तुजी टोपी तरंगली असती की रं."

"तरंगलीच हुती. तुला कुठनं दिसणार, तू कवाच पळालतास."

श्रावणात धरणातून पाणी सोडलं आणि पुलाजवळ नदी इशाऱ्याच्या खुणेला टेकली. गल्ली कोरडीच होती. पण पालिकेच्या बचाव पथकाचा टेम्पो उंच रेघ शोधत थेट आप्पासोंच्या दारात आला.

"आरं, पाणी कुठं हाय अजून?"

"आजोबा, रेघ बघा तुमची. आधी तुमीच."

समोर दाराला टेकून लालासाहेब ऐकत होते. त्यांच्यादेखत खरं सांगायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. आप्पासो मुकाट्यानं वळकटी घेऊन बायकोसकट टेम्पोत चढले. पथकाच्या साहेबांनी आप्पासोंचा हात हातात घेतला, कुणीतरी फोटो काढला आणि तो गल्लीच्या ग्रुपवर पडला. सगळ्यांनी अंगठे दिले.

आता लालासाहेबांच्या पोटात दुखायला लागलं. न बोलावता, डोक्यावर गादी घेऊन ते संध्याकाळी पूरग्रस्तांची सोय केलेल्या शाळेत हजर झाले.

"खरी रेघ माजी हाय," त्यांनी पथकाला बजावलं आणि आप्पासोंच्या शेजारीच गादी टाकली.

पाणी गल्लीत आलंच नाही. नदी उतरली. पथकानं सांगितलं, घरी जावा.

"आमच्यात अजून वल असंल," लालासाहेब म्हणाले.

"आमच्यात तर कंबरभर पाणी असंल," आप्पासोंनी कूस बदलली.

जो आधी घरी जाईल त्याच्याकडे पाणी कमी, हे दोघांनाही पक्कं कळलं होतं. त्यामुळे कुणी हलेना. मनुबाई वैतागून एकट्याच परतल्या. कोरडं ठणठणीत घर झाडून त्या कट्ट्यावर टेकल्या, तर हळूहळू सगळी गल्ली तिथं गोळा झाली. लालासाहेबांच्या दाराला कुलूप होतं ना.

"काकू, आप्पा आनि लालासाहेब कुठं हायत?"

मनुबाई जागा द्यायला जरा सरकल्या.

"पुरात अडकल्यात," त्या म्हणाल्या.