कुणीच काही विचारलं नाही

एलिना सारेला तीन आठवडे रोज संध्याकाळी एकाच अर्जापुढं बसत होती. नाव, पत्ता, शिक्षण, अनुभव सगळं भरून झालं होतं. आता फक्त 'पाठवा' लिहिलेलं बटण दाबायचं राहिलं होतं, आणि तिथंच तिचं बोट अडत होतं.

अर्ज सरकारच्या आरोग्य दलाचा होता. या दलात डॉक्टर असतात, नर्स असतात, पाण्याचे नमुने तपासणारेही असतात. बंदूक नाही की लढाई नाही, पण हुद्दे असतात आणि अंगावर नौदलाच्या गणवेशाचा सख्खा भाऊ वाटावा असा गणवेश असतो. एरवी आडबाजूच्या दवाखान्यांत काम करायचं, आणि कुठं पूर आला, साथ आली, की हुकूम निघाल्याबरोबर बॅग उचलायची. एलिना अडतीस वर्षांची होती. चौदा वर्षं पेल्टोला गावच्या वृद्धाश्रमात नर्स होती आणि त्या चौदा वर्षांत तिनं उचललेली सगळ्यात मोठी बॅग धोब्याकडं जायची होती. तिला या दलात जायचं होतं. मनापासून जायचं होतं. पण बोट बटणाजवळ गेलं की प्रश्न उभा राहायचा, बाबांचं काय?

आई जाऊन दोन वर्षं झाली होती. बाबा, म्हणजे रेइनो सारेला, चौऱ्याहत्तरचे. उभं आयुष्य रस्त्यावरचं बर्फ लोटणारी गाडी चालवण्यात गेलं. त्या गाडीचं इंजिन ते डोळे मिटून उघडायचे, घरातल्या कपडे धुण्याच्या यंत्राचं झाकण मात्र त्यांना डोळे उघडे ठेवूनही सापडत नसे. त्यांना एकटं टाकून जायचं कसं? बरं, विचारावं तर तेही अवघड. मोठ्या सरोवराच्या काठी वसलेल्या या गावातले लोक फिनलंडहून समुद्र ओलांडून आलेल्यांचे नातू-पणतू. कुणाला थेट प्रश्न विचारणं म्हणजे त्यांच्या लेखी चिखलाच्या बुटांनी त्याच्या घरात शिरणं. ज्याला सांगायचं असेल तो सांगेल, आपण वाट पाहावी, ही तिथली रीत. एलिनानं सांगितलं नाही, बाबांनी विचारलं नाही.

गोष्ट बिघडली ती नोएल कादॉटमुळं. नोएल एलिनाची नर्सिंग कॉलेजातली मैत्रीण, त्याच दलात अधिकारी होती आणि शेजारच्या जिल्ह्यात आदिवासींच्या दवाखान्यात काम करायची. एका रविवारी कुणाच्या तरी निवृत्तीचा समारंभ आटोपून ती पूर्ण गणवेशात कॉफीला आली. गडद निळा कोट, सोनेरी बटणं, बाहीवर पट्ट्या. एलिनाची नजर त्या कोटावरून हलेना.

"घालून बघ की," नोएल म्हणाली.

"चालतं का? नियमात बसतं का?"

"न्हाणीघरात कोण बघणाराय?"

न्हाणीघरात खरोखर कुणी नव्हतं. एलिनानं कोट घातला, आरशापुढं उभी राहिली आणि स्वतःचा एक फोटो काढला. मग घाबरून कोट उतरवला, आणि रात्रभर आपल्याला यासाठी दंड होतो का याचा विचार करत पडून राहिली. ज्याची काळजी करायला हवी होती ती गोष्ट तिला सुचलीच नाही. नाताळात तिनं बाबांना फोटो दाखवणारी एक चौकट भेट दिली होती. एलिनाच्या फोनमधला प्रत्येक फोटो आपोआप त्या चौकटीत उमटायचा. सोमवारी सकाळी बाबांनी दाढी करता करता तिकडं पाहिलं. आधी मांजर आलं, मग बर्फाखाली वाकलेली फांदी, आणि मग नौदलाच्या कोटातली त्यांची मुलगी.

बाबांनी चेहरा पुसला, टोपी घातली आणि नेहमीप्रमाणं सहकारी दुकानात कॉफीला गेले. तिथल्या टेबलाभोवती आठ म्हातारे रोज बसतात आणि सगळे मिळून वीसेक शब्द बोलतात. त्या दिवशी त्यातले दहा बाबांनीच वापरले.

"पोरगी नौदलात चाललीय. मला बोलली नाही अजून. कुणी विचारू नका."

कुणीच विचारलं नाही. मात्र दुपारपर्यंत सगळ्या गावाला कळलं.

एलिनाच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. दलात घ्यायच्या आधी तब्येत कडक तपासतात असं नोएलनं सांगितलं होतं, म्हणून अर्जात नापास होण्याआधी घरच्या घरी नापास व्हावं या हिशेबानं तिनं गावच्या दवाखान्यात गुपचूप रक्त तपासायला दिलं होतं. निकाल टपालानं यायचा होता. आणि नेमक्या त्याच आठवड्यात गाव तिच्याशी गोड वागायला लागलं.

पहिल्यांदा शेजारच्या हिल्माकाकू आल्या. हातात गरमगरम पॅस्ट्या, बटाटा-मांस भरून भाजलेल्या, एक डझन. काकूंनी आजवर शेजारधर्म म्हणून पॅस्ट्या दिल्या होत्या त्या फक्त दोनदा, आई आजारी होती तेव्हा आणि आई गेली तेव्हा. काकूंनी तिच्या गालावरून हात फिरवला, काही न बोलता फिरल्या, आणि फाटकाशी जाऊन डोळे पुसले. एलिना हातात थाळी घेऊन दारातच उभी राहिली.

मग वृद्धाश्रमाच्या मुख्य बर्नडीनबाईंनी तिला खोलीत बोलावलं. या बाई सुट्टी मागितली की दात उपटल्यासारखा चेहरा करायच्या. आज त्यांनी स्वतः खुर्ची पुढं ओढली.

"जुलैच्या ड्यूट्यांचं टेन्शन घेऊ नकोस. तुझ्या जागी एक मुलगी बघून ठेवलीय."

"माझ्या जागी? का?"

"तुला सांगावंसं वाटेल तेव्हा सांग. मी काही विचारणार नाही." आणि बाईंनी तिचा हात दाबला.

एलिना नर्स होती आणि हीच पंचाईत होती. साध्या माणसाला दोन-चार आजार माहीत असतात, तिला चारशे माहीत होते. त्या रात्री तिनं यकृतापासून सुरुवात केली आणि पहाटेपर्यंत मेंदूला पोचली. दुसऱ्या दिवशी आश्रमातल्या एक्याण्णव वर्षांच्या वेर्नरआजोबांनी गोळ्या घेता घेता तिचं मनगट धरलं. त्यांचा थोरला भाऊ तरुणपणी जहाजावर गेला होता, पण ते सांगायचं त्यांनी शेवटी ठेवलं आणि मग त्यांचा डोळाच लागला. त्याआधी ते एवढंच म्हणाले, "घाबरू नको, पोरी. खाली फार ओल असते म्हणतात. मोजे जास्तीचे ने."

तिनं कपाटाआड जाऊन दवाखान्यात फोन लावला. रिपोर्ट आला का विचारलं. फोनवरच्या मुलीनं, जी हिल्माकाकूंची भाची होती, सांगितलं की रिपोर्ट पाठवलाय, फोनवर काही सांगता येत नाही, नियम आहे. मग जरा थांबून भरल्या आवाजात म्हणाली, "एलिना, आम्हाला सगळ्यांना तुझा फार अभिमान वाटतो गं."

रक्ताच्या तपासणीबद्दल कुणाला अभिमान वाटल्याचं एलिनानं चौदा वर्षांत ऐकलं नव्हतं. म्हणजे ते लोक तिच्या धीराबद्दल बोलत होते. धीर लागावा असंच काहीतरी निघालं होतं.

रविवारी चर्चमध्ये पाद्रीबुवांनी 'आपल्यातून लवकरच दूर जाणाऱ्यांसाठी' प्रार्थना केली आणि सगळं चर्च एलिना बसलेल्या तिसऱ्या बाकाकडं न बघण्याचा आटोकाट प्रयत्न करत बसलं. बाहेर पायरीवर आर्वो निस्कालानं तिला गाठलं. हा माजी सैनिक मंडळाचा चिटणीस. त्यानं खिशातून वही काढली आणि तिचं मधल्या नावासकट पूर्ण नाव बरोबर लिहून घेतलं.

"फोटोचं रेइनो बघतो म्हणालाय," तो म्हणाला. "जरा टिकाऊ करून घेतो. ऊन-पावसात राहायचा आहे."

"लवकर लागेल का?" एलिनानं कसंबसं विचारलं.

"मेअखेर. तोवर होईल सगळं," आर्वो म्हणाला आणि तिला जोरात सॅल्यूट ठोकून गेला.

मेअखेर म्हणजे दहा दिवस. घरी येऊन एलिनानं संगणक उघडला, तो अर्ज पाहिला, आणि तिला रडू फुटलं. मरणाचं भय होतंच. पण त्याहून तिला लागलं ते हे की इतके दिवस आपण नुसता विचार केला. बटण दाबलं असतं, नकार आला असता, तरी चाललं असतं. निदान विचारून तरी झालं असतं. तिनं संगणक मिटला आणि घराच्या मागं लागली. उरलेल्या दिवसांत बाबांना शिकवायला हवं होतं. धुण्याच्या यंत्रावर तिनं चिठ्ठ्या चिकटवल्या. सूप कसं करायचं ते दाखवलं. आश्चर्य म्हणजे बाबा शहाण्या विद्यार्थ्यासारखे सगळं ऐकत होते. मधेच त्यांनी चष्मा लावून लिहूनही घेतलं.

"बाबा, पुढं हे तुम्हालाच करावं लागणार आहे," ती हळूच म्हणाली.

"माहीत आहे."

"तुम्हाला माहीत आहे?"

"हं," बाबा म्हणाले आणि कांद्याकडं वळले.

म्हणजे बाबांनाही सांगितलं होतं. एलिना न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि टॉवेलात तोंड खुपसून रडली. संध्याकाळी बाबांनी अंगणातली सॉना, म्हणजे वाफेच्या स्नानाची खोली, तापवली, आणि आयुष्यात पहिल्यांदा पहिली वाफ स्वतः न घेता तिला दिली. आता तर शंकाच उरली नाही.

गावच्या मुख्य रस्त्यावर दिव्यांचे चौदा खांब आहेत. मेअखेरच्या स्मृतिदिनाआधी माजी सैनिक मंडळ तिथं फलक लावतं, गावातून फौजेत गेलेल्यांचे. एलिना मीठ आणायला सहकारी दुकानाकडं निघाली होती. नव्या फलकाखाली आर्वो शिडी धरून उभा होता. तिनं वर पाहिलं, आणि मिठाचं विसरली. फलकावर ती स्वतः होती. निळा कोट, सोनेरी बटणं, आणि कानामागून डोकावणारा न्हाणीघरातला दात घासायचा ब्रश. खाली ठळक अक्षरांत 'एलिना मार्जाटा सारेला, नौदल, पेल्टोलाची शान' असं लिहिलेलं होतं.

ती पदपथाच्या कडेला मटकन बसली. पॅस्ट्या, ड्यूट्या, मोजे, अभिमान, एकेक करून सगळं जागेवर बसत गेलं. रक्ताच्या रिपोर्टशी यातल्या कशाचाच काडीचा संबंध नव्हता. आपण मरत नाही आहोत हे कळल्यावर माणसाला केवढा आनंद व्हावा, आणि झालाही. तो साधारण पाऊण मिनिट टिकला. मग तिच्या ध्यानात आलं की न केलेल्या नोकरीबद्दल आणि दुसरीच्या कोटाबद्दल आपण भर रस्त्यात खांबावर टांगलेल्या आहोत.

बाबा स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. सालीबरोबर निम्मा बटाटाही जात होता.

"बाबा, मी नौदलात नाही."

बाबांचा हात थांबला. "तो कोट?"

"नोएलचा. मी नुसता घालून बघितला. आणि ते नौदल नाही, आरोग्य दल आहे. तिथं जायचा विचार करत होते. नुसता विचार. मला वाटलं मी मरणार आहे, बाबा. सगळं गाव असं वागायला लागल्यावर मला वाटलं माझ्या रक्तात काहीतरी निघालंय. तुम्ही मला सॉनात पहिली वाफ दिलीत."

बाबांनी हातातला बटाटा बादलीत टाकला. मग चौऱ्याहत्तर वर्षांच्या त्या माणसानं मुलीला सरळ प्रश्न विचारला.

"अर्ज का नाही पाठवलास?"

"तुमच्यामुळं. तुम्ही एकटे कसे राहणार?"

बाबांनी सुरी खाली ठेवली. खिडकीतून बाहेर उभ्या ट्रककडं बोट दाखवलं. ट्रकमध्ये मासेमारीचं सामान होतं, लोखंडी चूल होती, घोंगड्या होत्या, आणि वर नीट बांधलेली आरामखुर्ची होती.

"दोन वर्षं झाली, सरोवरकाठच्या आपल्या झोपडीत राहायला जायचं म्हणतोय."

"कुणाला म्हणताय?"

"मनात."

"मग गेला का नाहीत?"

"तुला एकटीला टाकून कसा जाणार? तुला छपरावरचं बर्फ काढता येत नाही."

एलिनाला राग आला, हसू आलं, आणि मग खूप वाईट वाटलं. दोन वर्षं दोघं एकमेकांच्या काळजीनं या घरात बसून होती, समोरासमोर जेवत होती, आणि मीठ सोडून एकमेकांकडं काही मागत नव्हती. ती बाबांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली.

"तो फलक उतरवायला सांगा आधी."

"उतरवायचा तर मंडळाची सभा लागते," बाबा म्हणाले. "सगळ्या गावासमोर उभं राहून कारण सांगावं लागतं. मग लोक प्रश्न विचारतील."

साठ माणसं खुर्च्यांवर बसलीत आणि प्रश्न विचारतायत, हे चित्र दोघांच्याही डोळ्यांपुढं उभं राहिलं असावं. त्यापुढं पूर, साथ आणि हुकूम यांचं एलिनाला काहीच वाटेना. तिनं संगणक उघडला आणि दुसऱ्या विचाराला वेळ न देता बटण दाबलं.

"झालं?" बाबा उठलेच. टोपी डोक्यावर, ट्रकची किल्ली हातात. "मग निघायचं कधी?"

"बाबा, आत्ता कुठं अर्ज गेलाय. घेतील की नाही तेही माहीत नाही. घेतलं तरी वर्ष जाईल. मुलाखत आहे, वैद्यकीय आहे, जोर काढायची परीक्षा आहे."

"वर्ष?" एलिनानं बाबांचा चेहरा इतका पडलेला कधी पाहिला नव्हता. त्यांनी ट्रकवरच्या आरामखुर्चीकडं पाहिलं, मग मुलीच्या दंडांकडं पाहिलं, आणि त्यांना जे दिसलं त्यानं त्यांची काळजी कमी झालेली दिसली नाही.

"किती जोर येतात तुला?"

"कधी काढून बघितले नाहीत."

बाबांनी टेबल भिंतीला सरकवलं, बटाट्यांची बादली उचलली आणि मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरलं. एलिना फरशीवर पालथी झाली. नाकाशी बटाट्याची साल होती.

"एक," बाबा म्हणाले. "दोन. कंबर वर. तीन. चार. श्वास सोड. पाच. पडू नकोस, पोरी, सहा, अजून एक, सात."

आठव्याला ती कोसळली आणि तिथंच गाल टेकून हसत पडून राहिली. जन्मल्यापासून बाबा एका दमात तिच्याशी इतकं कधी बोलले नव्हते.

"पुन्हा," बाबा म्हणाले. "पहिल्यापासून."