कार्ब्युरेटरचा दोष

एल्डन क्रूम आयुष्यात फक्त दोनदा खोटं बोलला. पहिलं खोटं बायकोच्या हातच्या मीटलोफविषयी, म्हणजे खिम्याच्या भाजलेल्या लादीविषयी, होतं (आणि ते बेचाळीस वर्षं टिकलं). दुसरं तो मे महिन्यात, गॅरेजच्या दारात उभा राहून, पोटच्या पोरीशी बोलला.

मार्सी त्या दिवशी गॅरेज आवरायला आली होती. तिच्या आईला, व्हर्नाला, जाऊन सात महिने झाले होते. मार्सीने रंगाचे डबे बाहेर काढले, मोडक्या खुर्च्या काढल्या, आणि मग गवत कापायच्या गाडीला बुटाने डिवचलं. वर बसून चालवायची, बुटक्या ट्रॅक्टरसारखी ती गाडी व्हर्नाची होती. एकोणीस वर्षं आवारातलं गवत व्हर्नानेच कापलं. एल्डनकडे फक्त दुरुस्ती असायची, आणि गाडी वारंवार का बिघडते याचं ते एक कारण होतं.

"शनिवारी भंगारवाला येतोय, बाबा. ही देऊन टाकू?"

"नाही."

"का? तुझ्यासाठी नवी घेऊ ना, साधी, छोटी."

व्हर्ना त्या सीटवर बसायची म्हणून, एवढंच खरं उत्तर होतं. पण अमेरिकेतल्या इंडियानात पुरुषाच्या घशातून असलं वाक्य सहजासहजी बाहेर पडत नाही. एल्डन इकडेतिकडे बघत म्हणाला, "मी ती शर्यतीत उतरवणार आहे."

ऑगस्टच्या जत्रेत अशा गाड्यांची शर्यत दरवर्षी व्हायची. धष्टपुष्ट तरुण शेतकरी मातीच्या धावपट्टीवर एकमेकांना धडका देत सुटायचे. एल्डन सत्तरीला टेकलेला. एकतीस वर्षं त्याने धान्याच्या कोठारावर मक्याचे ट्रक तोलण्याची कारकुनी केली होती, आणि त्या काळात ताशी वीस मैलांच्या वर तो फक्त एकदा गेला होता, तेही मार्सीच्या जन्माच्या दिवशी. पण संध्याकाळपर्यंत बातमी गावभर झाली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी तो कामाला लागला. शर्यतीच्या नियमाप्रमाणे आधी गवत कापायचं पातं काढलं आणि गॅरेजच्या भिंतीला खिळ्यावर टांगलं. मग वेग वाढवायला इंजिनाच्या पट्ट्याची चाकं बदलली. पहिल्या चाचणीत गाडी पुढे चालेना, पण मागे मात्र भन्नाट पळाली. दुसऱ्या चाचणीत ती पुढे पळाली. एल्डन कपड्यांच्या दोरीला अडकून खाली पडला, आणि गाडी त्याच्याशिवायच शेजारच्या डॉयलच्या टोमॅटोत शिरली.

"वेग बघितलास?" एल्डन जमिनीवरून म्हणाला.

"बघितला," डॉयल म्हणाला. "माझ्या टोमॅटोंनी तर जवळून बघितला."

एल्डनने गाडीचं सगळं बदललं. सीट मात्र बदलली नाही. सीटवर व्हर्नाने शिवलेली जाडजूड निळी उशी होती, चार कोपऱ्यांना चार बंदांनी घट्ट बांधलेली. त्या गाठीही तिच्याच होत्या. एल्डनने त्यांना हात लावला नाही.

पातं काढल्यामुळे एक गोष्ट झाली. गवत वाढलं. त्या गावात घरात कितीही पसारा असला तरी चालतो, पण दारापुढचं गवत घोट्याच्या वर गेलं की समजायचं, हा माणूस गेला कामातून. झालं! गावातल्या बायका भांडीभर नूडल्स आणि मासे, बटाटे आणि चीज असं काहीबाही भाजून आणू लागल्या. भांड्याखाली चिकटपट्टीवर जिचं तिचं नाव. एल्डन आभार मानायचा, अन्न डब्यांत काढून फ्रीझरमध्ये ढकलायचा, आणि नंतर भांडी नावाप्रमाणे परत करायचा. स्वतः उभ्याउभ्या खारी क्रॅकर बिस्किटं खायचा. टेबलाशी एकट्याने बसवत नव्हतं. पँट सैल झाली तेव्हा त्याने पट्ट्याला खिळ्याने नवी भोकं पाडली. (भोकं छान जमली. दुरुस्तीत त्याला आलेलं हे पहिलंच यश.)

जत्रेचा दिवस उजाडला. गाड्या तपासायला उभा होता डॉयल, आणि टोमॅटोंच्या आठवणीने तो अंमळ कडकच होता.

"इंजिन चालू ठेव आणि उठून उभा राहा, एल्डन."

एल्डन उठला. इंजिन फडफडत राहिलं.

"बंद पडायला हवं," डॉयल म्हणाला. "सीटखाली बटण असतं, बसणाऱ्याच्या वजनाने दबणारं. माणूस उठला की इंजिन बंद. माणूस पडला आणि गाडी सुटली तर काय होतं, ते मला चांगलं ठाऊक आहे. उशी काढ बघू."

एल्डनची बोटं गाठींवर अडखळली. शेवटी सोबत आलेल्या मार्सीने त्या सोडल्या, आणि उशी उचलताना तिचा हात खाली गेला. उशी एखाद्या बाळाएवढी जड होती. मार्सीने शिवणीपाशी चाचपलं. आत सुका घेवडा होता, दहा-बारा पौंड तरी.

"आईने उशीत घेवडा का भरला असेल?"

एल्डनला मागचा उन्हाळा आठवला. गाडी सारखी बंद पडायची. व्हर्ना हसत म्हणाली होती, "एल्डन, मी वर बसलेय हे या गाडीला कळतच नाही रे." त्यावर एल्डनने निदान केलं, कार्ब्युरेटर. तो त्याने बदलला. मग पुन्हा बदलला. त्याच आठवड्यात व्हर्नाने ही उशी शिवली आणि गाडी सुरळीत चालू लागली. एल्डनने कोठारावरच्या प्रत्येकाला आपल्या कार्ब्युरेटरची कथा ऐकवली होती, आणि व्हर्ना शेजारी उभी राहून मान डोलवत होती.

"शर्यत सुरू होतेय," डॉयल हळूच म्हणाला.

उशीशिवाय एल्डन निघाला. पहिल्या खड्ड्यात तो सीटवरून उसळला आणि इंजिन बंद पडलं. त्याने ते चालू केलं. दुसरा खड्डा आला, पुन्हा बंद. बाकीचे गडी त्याच खड्ड्यांतून ढिम्म बसून गेले, चिखल उडवत, एकदा, दोनदा, तीनदा. एल्डन पाचव्यांदा किल्ली फिरवत होता तेव्हा बाकांवरून कुणी तरी ओरडलं, "कार्ब्युरेटर!" मग सगळेच ओरडू लागले. अख्ख्या जिल्ह्याचं निदान एक झालं.

मार्सी मात्र ओरडली नाही. तिने बापाला दंडाला धरून उतरवलं आणि तरातरा जनावरांच्या मांडवात नेलं. तिथे डुकरं तोलायचा काटा होता.

"चढ."

"मार्सी, लोक बघतायत."

"चढ म्हणते ना!"

काटा एकशे अठ्ठावीस पौंडांवर थांबला. शेजारच्या कप्प्यातलं पहिल्या नंबराचं डुक्कर त्याच्या दुपटीहून जड होतं, आणि ते त्याच्याकडे दयेने बघत होतं.

"मागच्या वर्षी तू एकशे सत्तर होतास," मार्सी म्हणाली. तिचा आवाज फाटला. "फ्रीझर उघडला मी सकाळी. सगळं जसंच्या तसं आहे. तूही आईसारखाच झिजत जाणार का? तिने तरी दुखणं का लपवलं आपल्यापासून?"

"तिने लपवलं नाही गं," एल्डन काट्यावर उभा राहूनच म्हणाला. "तिने मला सांगितलं होतं. मी कार्ब्युरेटर बदलला."

मग त्याला रडू आलं. एकतीस वर्षं त्याने ट्रक तोलले होते. चाकं काट्यावर चढायच्या आधीच तो वजन सांगायचा, आणि सहसा चुकायचा नाही. आणि घरात, त्याच पलंगावर, त्याची बायको तोळ्यातोळ्याने कमी होत गेली. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण त्या अंधाराला चेहरा असतो हे कुणी सांगत नाही. मार्सीनेही काट्यावर पाय ठेवला, त्याला मिठी मारली, आणि काटा दोघांचं मिळून वजन दाखवू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एल्डन टेबलाशी बसला. मार्सी समोर बसली. त्याने नूडल्स आणि माशांची मोठी थाळी संपवली, आणखी एक मागून घेतली. मग बाहेर जाऊन उशी पुन्हा सीटवर बांधली, चारही गाठी शक्य तितक्या व्हर्नाच्या पद्धतीने, आणि गाडी सुरू केली.

व्हर्ना कुंपणापासून आत गोल गोल यायची. तोही तसाच आला. पेअरच्या झाडाखाली ती मान वाकवायची, तिथे त्यानेही वाकवली. गाडी एकदाही बंद पडली नाही. तासभर तो व्हर्नाशी बोलत राहिला. बेचाळीस वर्षांपूर्वीच्या मीटलोफविषयीसुद्धा त्याने खरं काय ते सांगून टाकलं. डॉयल कुंपणाशी कॉफी पीत उभा होता. त्याने दर फेरीला हात वर केला, एल्डननेही केला.

शेवटी अंगणाच्या मधोमध तो उतरला, कपाळ पुसलं, आणि अभिमानाने मागे वळून बघितलं.

गवत होतं तसंच होतं, गुडघाभर, वाऱ्यावर डुलणारं. पातं गॅरेजमध्ये खिळ्यावर होतं.

"डॉयल!" एल्डन ओरडला. "तासभर उभा आहेस तिथे! सांगायचं नाहीस?"

डॉयलने कॉफीचा शेवटचा घोट घेतला.

"मला काय ठाऊक? म्हटलं, कार्ब्युरेटर असेल."