तीन नंबरची वास्तुशांत

आमच्या ऑफिसातल्या कोणीतरी खंडेनवमीला तीन नंबरच्या संगणकाची पूजा करायची सोडून त्यावर उघड्या असलेल्या नकाशाचीच वास्तुशांत उरकून घेतली, त्यामुळे आता त्या नकाशात खंदारे कुटुंब राहतं. कोणी केलं, ते कबूल करायला एकहीजण तयार नाही.

नकाशा सफाई कामगारांच्या वसाहतीचा. माझा पहिलाच! प्रत्येक स्वयंपाकघराला मी खिडकी दिली होती. दाभाडे सरांना ती नको होती, कारण खिडक्या काढून घरं एकमेकांना चिकटवली की मजल्यावर एक घर जास्त बसतं. पाचच्या आत नकाशे मंजुरीसाठी द्यायचे होते. सर तीन नंबरवर खिडकी पुसायला जायचे आणि सॉफ्टवेअर बंद पडायचं. बाकीच्या संगणकांवर खिडकी मुकाट पुसली जायची. पण मोठे नकाशे छापायचं मशीन तीन नंबरलाच जोडलेलं, आणि तिथे ती फाइल आणली की पुन्हा तेच.

दुरुस्तीवाले मुजावरभाई आले. त्यांनी मेमरी बदलली, सॉफ्टवेअर नव्याने घातलं, शेवटी स्पीकर जोडला.

"मशीन ठणठणीत आहे," ते म्हणाले. "आतून बंद करतायत."

"कोण?" सरांनी विचारलं.

"राहणारे."

सरांनी घसा साफ केला. "नमस्कार. मी आर्किटेक्ट दाभाडे."

"बोला," स्पीकरमधून खंदारेबाईंचा आवाज आला. "आणि आधी तो बाण खिडकीवरून काढा. मिरची फोडणीला टाकलीय."

"ताई, इमारत अजून मंजूर नाही. तुम्ही राहायला आलात कशा?"

"वास्तुशांत झाली, दूध उतू गेलं. आणखी काय राहिलं?"

"पण ही खिडकी नुसती कागदावरची आहे हो."

"मग ठसका कुठून बाहेर येतोय?"

सर खोकले. मुजावरभाईही खोकले.

"पंखा बसवून देतो," सर म्हणाले.

"तुमच्या घरी स्वयंपाकघराला खिडकी आहे?"

"आहे."

"मग आमच्याच वाट्याला पंखा का?"

मला खुर्चीत बसवेना. "सर, माणसं राहतात त्या घराची भिंत त्यांना न विचारता हलवता येत नाही!"

"मला शिकवू नकोस, गायत्री," सर म्हणाले. पण त्यांनी माउस सोडला.

नकाशे छापून निघाले. सगळ्या खिडक्यांसकट! गुंडाळी काखेत मारून मी दारापर्यंत धावले आणि तिथूनच ओरडले, "सर, दोन नंबरवर शाळेचा नकाशा उघडा आहे, चार नंबरवर दवाखान्याचा! वास्तुशांतीला गुरुजींना आजच बोलावू या का?"

"आधी पाचच्या आत पोच," सर म्हणाले.

मुजावरभाई हत्यारं पिशवीत भरत होते. "आणि जाताना तीन नंबर बंद करू नका कोणी," ते म्हणाले. "त्यांची लाइट इथूनच आहे, आणि आज त्यांच्याकडे पाहुणे आलेत."