सुकलालनानांची गिऱ्हाइकं

सुकलालनानांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते भर रस्त्यात पालथे पडले होते.

आम्ही नुकतेच पिंप्राळ्यातल्या त्या कॉलनीत राहायला आलो होतो. सकाळी शाळेला निघाले तर रस्त्याच्या मधोमध एक म्हातारा माणूस छातीवर आडवा. मला वाटलं, चक्कर आली. मी पर्समधली पाण्याची बाटली काढून धावले. तेवढ्यात त्या देहाचा एक हात वर झाला आणि मला थांबवलं.

"हालू नका बाई. अक्का आत्ते तयार व्हयनी."

अक्का म्हणजे समोर रवंथ करत बसलेली एक पांढरी शेळी. नानांच्या डोळ्याला कॅमेरा होता. त्यांच्या पायांपाशी एक रिक्षा इंजिन बंद करून उभी होती आणि रिक्षावाला आरामात तंबाखू मळत होता. मला म्हणाला, "पलीकडच्या गल्लीतून जा मॅडम. शेळी मान वळवत नाही तोवर रस्ता मोकळा होत नसतो."

शेळीने मान वळवली. कॅमेरा वाजला. नाना उठले, कपडे झटकले आणि शेळीला हात जोडून म्हणाले, "तरास दिला अक्का, माफी करा." रिक्षावाल्याला, माझ्या पाण्याच्या बाटलीला, कुणालाच काही म्हणाले नाहीत.

ही त्यांची रीतच होती. जनावरांना अहोजाहो आणि, मी सोडून, बाकी माणसांना अरेतुरे. बैल 'मालक', म्हैस आणि शेळी 'अक्का', कुत्रा 'साहेब', मांजर 'बाईसाहेब'. एकदा पोळ्याला जामनेरकडे एका पुढाऱ्याच्या बैलजोडीचा फोटो काढायचा होता. पुढारी हौसेने फेटा बांधून दोन बैलांच्या मधे उभा राहिला. नाना कॅमेऱ्यातून डोकं न काढता ओरडले, "ओ फेटा! बाजूले व्हय, मालक झाकाई राहिनात!" फोटोत बैल आले. फेट्याचं एक टोक आलं.

आता नाना धुळ्याला मुलीकडे असतात. त्यांच्या घरात नवे भाडेकरू आलेत, सज्जन आहेत, कधी रस्त्यावर झोपत नाहीत. कॉलनी अगदी व्यवस्थित झाली आहे आणि मला मुळीच करमत नाही.

नाना मूळचे धुळ्याकडच्या एका खेड्यातले. तरुणपणी जळगावात आले आणि पिंप्राळ्यात त्यांनी फोटो स्टुडिओ टाकला. मागे रंगवलेला धबधबा, पुढे खुर्ची, कोपऱ्यात कंगवा आणि पावडरचा डबा. आमच्या भागातल्या कित्येक मुलींची लग्नं त्या धबधब्यापुढच्या फोटोंवर जमली. लग्नसराईत नानांना श्वास घ्यायला फुरसत नसे. मग प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आला, धबधब्याचा पडदा गुंडाळला गेला आणि स्टुडिओच्या जागी मोबाईलची कव्हरं विकणारं दुकान आलं.

जनावरांकडे ते वळले एका घोडीमुळे. वरातीतली घोडी. नाना सांगायचे, "अख्ख्या जळगावना नवरदेव तिच्या पाठवर बसनात. मी बठ्ठासना, एकूणएकना फोटो काढात. एक दिन तिचा मालक म्हणाला, नाना, घोडी थकली, आता वरातीला नेणार नाही, तिचा एखादा फोटो दे. मी बठ्ठा फोटो उपसात. नवरदेव शे, मुंडावळ्या शेतस, आणि घोडीचे नुसते दोन कान! बाई, माले इतकी लाज वाटनी!" दुसऱ्याच दिवशी ते घोडीच्या तबेल्यात गेले. पाठीवर कुणी नाही, अंगावर झूल नाही, अशी नुसती घोडी. तो फोटो मी पाहिला आहे. सगळी हौसमौज करून दमलेली एखादी मोठी जाऊबाई दुपारी ओसरीवर टेकावी, तशी दिसते.

त्यानंतर नानांनी माणसांचे फोटो सोडलेच. "माणूस कॅमेरा देखस आणि खोटं हासस," ते म्हणायचे. "जनावरले खोटं हासता येत नही."

त्यांचं पहिलं शास्त्र म्हणजे ज्याचा फोटो, त्याच्या डोळ्याच्या उंचीवर जायचं. कोंबडी असेल तर मातीत पालथं. गाय असेल तर गुडघ्यावर. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक शर्टाच्या कोपरांना जुन्या सतरंजीची ठिगळं होती. एकदा पहूरच्या रस्त्यावर राजस्थानकडचे मेंढपाळ उतरले होते. त्यांच्या उंटाच्या डोळ्यापर्यंत पोचायला नाना एका उभ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढले, ट्रॉलीतल्या कापसाच्या ढिगावर उभे राहिले आणि उंट मान कधी वळवतो याची वाट बघू लागले. उंटाने मान वळवली, पण तेवढ्यात चहा पिऊन आलेल्या ड्रायव्हरने मागे न बघता ट्रॅक्टर सुरू केला. नाना कापसासकट जामनेरच्या दिशेने निघाले आणि उंट त्यांच्याकडे बघत उभा राहिला. "काय नजर व्हती हो!" नाना हळहळत. "पण फोटो हालना."

दुसरं शास्त्र खिशातलं. एका खिशात शेव, दुसऱ्यात ज्वारी, तिसऱ्यात सरकीच्या पेंडीचा तुकडा. जसं गिऱ्हाईक तसा खिसा. यामुळे त्यांच्या अंगाला गोठ्याचा आणि फरसाणाच्या दुकानाचा मिळून एक वास येई आणि बाजाराच्या दिवशी त्यांच्या मागे एखादी गाय हटकून चालत असे.

तिसरं शास्त्र मला आमच्या मनीमुळे कळलं. मनी आमची मांजर. कॅमेरा काय, पाहुणा दिसला तरी ती कपाटाखाली जायची. मी नानांना बोलावलं. ते आले, स्वयंपाकघरात जमिनीवर भिंतीला टेकून बसले, चहा प्याले आणि गेले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. कॅमेरा पिशवीतून बाहेर नाही.

"नाना, फोटो?"

"बाईसाहेबांना माझा कंटाळा येऊ द्या. कंटाळलेलं जनावरच खरं दिसस."

बाईसाहेबांच्या आधी मला कंटाळा आला. चहापत्तीचा डबाही तळाला गेला. पण एका सकाळी मनी खिडकीत बसून अंग चाटत होती, नाना भिंतीला टेकलेलेच होते, आणि मला पोळी लाटताना बारीक 'टिक' ऐकू आलं. फोटो आला तेव्हा मी बघतच राहिले. मनीच्या एका डोळ्यात उजेड होता आणि तिचा डावा कान टोकाशी फाटलेला होता. इतकी वर्षं रोज तिला दूध घालणाऱ्या मला तो फाटका कान कधी दिसलाच नव्हता.

म्हणून नाना कधीच चुकत नव्हते असं नाही. एका बोकडाने त्यांच्या कॅमेऱ्याचा पट्टा चावून गिळला. एका पोपटाने त्यांना अशा शिव्या दिल्या की त्या घरच्या सासूबाई आत निघून गेल्या आणि पोपटाला कुणी शिकवलं यावर त्या घरात भांडण लागलं. नाना फोटो न काढताच परत आले. "साहेब रागमा व्हतात," एवढंच म्हणाले.

शहरातल्या एका मारवाडी कापड व्यापाऱ्यांकडे मात्र मी स्वतः हजर होते, कारण त्यांची नात माझी विद्यार्थिनी. त्यांचा कुत्रा बिट्टू, कापसाच्या बोंडासारखा. त्याचा वाढदिवस. शेठजींनी त्याला मखमली कोट, गळ्यात बो आणि डोळ्यांवर काळा चष्मा चढवला होता. मे महिना, जळगावचं ऊन. बिट्टूची जीभ जमिनीला टेकायची बाकी होती.

नाना त्याच्यासमोर मांडी घालून बसले. "साहेब, कोट तुम्हीच शिवला का?" त्यांनी विचारलं. मग शेठजींकडे वळून, "हे देख, तू मलमलचा झब्बा घालून पंख्याखाली बसलास. साहेबांनी काय पाप केलं?"

शेठजींचा चेहरा उतरला. "नाना, हजार ठिकाणी हिंडून कोट आणला हो. पोरांची हौस."

"मग पोरांना घाल."

झालं, सगळे रुसले. शेठजी आत गेले, नात रडायला लागली, आणि या गडबडीत बिट्टू कोटातून स्वतःच निसटला, घरातल्या म्हाताऱ्या माँजी जमिनीवर बसल्या होत्या त्यांच्या ओढणीवर जाऊन पसरला आणि झोपला. माँजींनी त्याचा चष्मा काढून हातात धरला. त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी तो स्वतःच्या डोळ्यांवर लावून बघितला. टिक. त्या फोटोची मोठी फ्रेम आजही त्यांच्या दुकानात गल्ल्याच्या मागे आहे. शेठजी नको म्हणत होते, पण माँजी म्हणाल्या, "यही लगेगी."

आता मुकादमाबद्दल.

मुकादम म्हणजे कॉलनीतला तपकिरी, रुंद छातीचा गावठी कुत्रा. कुठे खड्डा खणायचा असो, नळजोडणी असो, मांडव घालायचा असो, हा शेजारी जाऊन बसायचा आणि काम संपेपर्यंत हलायचा नाही. नाव नानांनीच ठेवलं. तो कुणाचाच नव्हता, पण झोपायचा नानांच्या पायरीवर. सकाळी भाकरीचा पहिला तुकडा त्याचा. नाना फोटोला निघाले की तो कोपऱ्यापर्यंत सोडायला जाई.

गंमत अशी की जिल्हाभरातल्या कुत्र्यांचे फोटो काढणाऱ्या नानांनी मुकादमाचा एकही फोटो काढला नव्हता. मी विचारलं की सबब तयार. "आज उजेड बरोबर नही." "त्याचा मूड नही." एकदा तर, "त्याचं तोंड काही खास शे का, बाई?" मुकादमाने तेव्हा मान फिरवली, ते मला आठवतं.

नानांची मुलगी सुरेखा धुळ्याहून यायची आणि दर वेळी तोच विषय काढायची. "नाना, एकटे किती दिवस राहणार? चला माझ्याकडे. मुकादमलाही घेऊन चला."

"तिसऱ्या मजल्यावर तो देखरेख कसानी करी?" नाना म्हणत. "लिफ्टची?"

आम्ही सगळे हसायचो आणि सुरेखा एकटीच बसने परत जायची.

गेल्या हिवाळ्यात मुकादम थकला. मागचे पाय ओढू लागला. आमच्या गल्लीत पाइपलाइनचं काम निघालं तर तो पायरीवरूनच मान उंचावून बघायचा. जनावरांचे डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेले, जाताना वय झालं म्हणाले. मी पायरीशी वाकून नानांना म्हटलं, "आता तरी एक फोटो काढून ठेवा."

"नही!"

इतक्या वर्षांत नाना माझ्यावर कधी ओरडले नव्हते. मुकादमानेही मान वर केली. मग नाना पायरीवर बसले आणि खाली बघत बोलू लागले.

"लोक माले कव्हय बलावतस, बाई? जनावर थकनं का. मी जास, फोटो काढस. चांगला येस. आणि थोड्या दिवसमा तो भिंतवर जास, हार घालीसन. कमलनाबी तसंच व्हयनं."

कमल म्हणजे त्यांची बायको. मी त्यांना पाहिलेलं नव्हतं.

"जनमभर बठ्ठा गावना फोटो काढात, तिचा काढाले फुरसत नही मियनी. एक दिन ती दारमा गहू निवडी राहिंती. सहज काढा. असा फोटो परत कव्हय निंघना नही. थोड्या दिवसमा तोच भिंतवर लावना पडना." ते मुकादमाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "माले समजस, फोटोमुळे कोणी मरत नही. पण याचा माझ्याने नाही काढवणार."

मीही त्यांच्या शेजारी पायरीवर टेकले.

संक्रांतीच्या आसपास मुकादम गेला. नाना आणि रिक्षावाला मिळून त्याला कॉलनीमागच्या मोकळ्या जागेत पुरून आले. त्यानंतर नानांनी कॅमेरा हातात घेतला नाही. बोलावणी येत, ते 'बरं नही' म्हणून परत पाठवत. सुरेखा येऊन राहिली आणि या वेळी तिने धुळ्याचं नाव काढलं तर नाना नुसते मान हलवत, होय म्हणून.

एका रविवारी सकाळी ते आमच्या दारात आले. आत या म्हटलं तर उंबऱ्याबाहेरच उभे.

"बाई, तुमना मोबाईलमा मुकादम शे का?"

मला काही आठवेना. मी त्यांना खुर्ची दिली, चहा ठेवला आणि मोबाईलमधले जुने फोटो मागे मागे सरकवत बसले. वाढदिवस, सहली, शाळेचं गॅदरिंग. शेवटी सापडला. आम्ही नवी स्कूटर घेतली त्या दिवशीचा. हार घातलेली स्कूटर, तिच्याशेजारी पोट आत घेऊन उभे असलेले माझे यजमान, आणि पार कडेला, अर्धा कापला गेलेला मुकादम. तो कॅमेऱ्याकडे बघतही नव्हता.

मी संकोचून मोबाईल पुढे केला. "नाना, फोटो काही बरा नाही हो. अर्धाच आलाय. आणि शेपटी बघा, हलल्यामुळे नुसता धूर झालाय."

नानांनी मोबाईल दोन्ही हातांत घेतला. चष्मा कपाळावर चढवून डोळ्यांजवळ नेला.

"हालू द्या," ते म्हणाले. "मी तिकडे पायरीवर व्हतू, भाकरी लईसन. माले देखीसन हाली राहिंती ती."

चहावर साय धरली. मोबाईलचा पडदा काळा झाला की ते बोटाने अलगद टेकवून पुन्हा उजळवत. मला बाहेर जायचं होतं आणि मोबाईल हवा होता. मी तसाच त्यांच्याकडे राहू दिला आणि चहा पुन्हा गरम करायला आत गेले.